‘स्लाइम रँचर’ : पडद्यावरची वाडी आणि बाजारभावाचा धडा

वसई (प्रतिनिधी) : व्हिडिओ गेम म्हटला की बंदुका, गाड्यांच्या शर्यती आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी आरडाओरड असेच चित्र बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र जीव पाळणे, त्यांना वेळेवर खाऊ घालणे, त्यांच्यापासून मिळालेले उत्पन्न विकणे आणि अनोळखी प्रदेश धुंडाळणे, एवढ्यावरच उभे असलेले खेळही आहेत. ‘स्लाइम रँचर’ हा त्यांतील एक लोकप्रिय खेळ. कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथील ‘मोनोमी पार्क’ या कंपनीने तो जानेवारी २०१६ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. वाडीत राबलेल्या आजी-आजोबांची नातवंडे आज वसई-विरारच्या इमारतींत वाढत आहेत. त्यांच्या घरी या खेळाची दखल घेण्यास एक खास कारण आहे, ते म्हणजे या खेळात दडलेला शेतीचा हिशेब.

खेळाचे स्वरूप

पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या कुरणावर बिआट्रिक्स लबो ही तरुणी पशुपालक म्हणून येते. तिचे पशू म्हणजे जेलीच्या गोळ्यासारखे, उड्या मारणारे, हसऱ्या चेहऱ्याचे ‘स्लाइम’. तिच्या पाठीवरील ‘व्हॅकपॅक’ हे यंत्र धूळ ओढणाऱ्या यंत्राप्रमाणे स्लाइम, फळे, भाज्या व कोंबड्या आत ओढते आणि हव्या त्या जागी बाहेर फेकते. संपूर्ण खेळात हातात असलेले मुख्य साधन हेच.

प्रत्येक जातीच्या स्लाइमचा आहार व स्वभाव वेगळा आहे. गुलाबी स्लाइम काहीही खातो, खडकाळ स्लाइमला भाज्या लागतात, तर मांजरासारख्या ‘टॅबी’ला कोंबडी. अंधारात चमकणारा ‘फॉस्फर’ सूर्यप्रकाशात नाहीसा होतो, म्हणून त्याच्या गोठ्यावर छत घालावे लागते. भाजीपाल्यासाठी वाफे, कोंबड्यांसाठी खुराडे आणि साठवणीसाठी कोठार यांचीही सोय करावी लागते. खुराड्यातील सगळे कोंबडे टॅबीला खाऊ घातले, तर नवी पिल्ले मिळत नाहीत. हा धडा बहुतेक खेळाडू एकदा नुकसान सोसूनच शिकतात.

भाव पडतो तेव्हा

खाऊ घातलेला स्लाइम ‘प्लॉर्ट’ नावाचा चकाकता खडा टाकतो. हा खडा विकून मिळालेल्या पैशांतून कुरण वाढवायचे, ही या खेळाची अर्थव्यवस्था. प्लॉर्टचा भाव रोज बदलतो. एकाच जातीचा माल सतत बाजारात ओतला की त्याचा भाव घसरतो आणि काही दिवस विक्री थांबवली की तो सावरतो. त्यामुळे शहाणा खेळाडू तीन-चार जाती पाळतो, माल कोठारात ठेवतो आणि भाव पाहून विकतो.

पहाटेच्या लोकलने फुले व भाजी घेऊन दादरचा बाजार गाठणाऱ्या वसईकरांना हे गणित नवे नाही. आवक वाढली की भाव कोसळतो, हे ते पिढ्यानपिढ्या अनुभवत आले आहेत. फरक एवढाच, की प्लॉर्ट कोठारात टिकतो. फूल टिकत नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून ‘सुकेळी’ करण्याची वसईची रीत म्हणजे नाशवंत मालाला टिकाऊ करण्याचेच शहाणपण.

हाव आणि हलगर्जी

एका जातीच्या स्लाइमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की दोन्ही जातींचे गुण असलेला मोठा ‘लार्गो’ तयार होतो. एका खाण्यात तो दोन प्रकारचे प्लॉर्ट देतो, म्हणजे उत्पन्न दुप्पट. पण लार्गोने तिसऱ्या जातीचा प्लॉर्ट गिळला तर त्याचा ‘टार’ होतो. काळा, इंद्रधनुषी छटांचा हा जीव इतर स्लाइमना खात सुटतो व झपाट्याने वाढतो. पाण्याचा मारा हाच त्यावर उपाय.

हे संकट बहुधा दुर्लक्षातून ओढवते. खेळाडू दूरच्या प्रदेशात रमतो, इकडे उपाशी स्लाइम अस्वस्थ होऊन कुंपणावरून उड्या मारतात, शेजारचे प्लॉर्ट खातात आणि परतल्यावर निम्मे कुरण ओस पडलेले दिसते. भटकंतीची ओढ आणि गोठ्याची जबाबदारी यांतील ही ओढाताण हाच खेळाचा गाभा आहे. वाटेत पूर्वीचा पशुपालक हॉबसन याने ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि दूर राहिलेल्या केसीची पत्रे मिळतात. घरापासून लांब राहण्याची किंमत त्यांतून हळुवारपणे उलगडते.

पालकांनी काय पाहावे

अमेरिकेतील ‘ईएसआरबी’ या मानांकन संस्थेने हा खेळ १० वर्षे व त्यावरील वयासाठी योग्य ठरवला आहे. रक्तपात नाही, खेळ एकट्यानेच खेळायचा असल्याने अनोळखी व्यक्तींशी संवादाचा प्रश्न येत नाही. लहान मुलांसाठी टार नसलेला सोपा प्रकारही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या खेळांशी याचा संबंध नाही. येथील कमाई पूर्णतः काल्पनिक आहे.

आणखी एक भेद महत्त्वाचा. शेतीचे खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘हार्वेस्ट मून’पासून रुजले. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’ने ते घराघरांत पोहोचवले. फार्मव्हिलमध्ये वेळेवर परतले नाही तर पीक वाळून जात असे, त्यामुळे माणूस पडद्याला बांधला जाई. ‘स्लाइम रँचर’ बंद केला की तेथील काळही थांबतो. मुलाला उठवताना ‘प्राणी उपाशी राहतील’ ही सबब त्यामुळे चालत नाही. ‘स्लाइम रँचर २’ची प्राथमिक आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये व पूर्ण आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली.

पडद्यावर नसलेले

खेळाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. तेथे उपासमारीने स्लाइम मरत नाही, विहीर खारट होत नाही, जमीन बांधकामाखाली जात नाही. वसईत याच प्रश्नांवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली होती. पडद्यावरचे बुडालेले कुरण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभारता येते. गेलेली वाडी परत येत नाही. भाव का पडतो, जनावर कुंपण का तोडते, असे प्रश्न खेळताना मुलांच्या मनात येतातच. त्यांची उत्तरे अनुभवातून देऊ शकणारी माणसे वसई-विरारच्या अनेक घरांत अजून आहेत. मुलाने खेळ सुरू केला, की आजोबांनाही शेजारी बसवून घ्यावे.