खेळ लोकांचा कधी होतो? पेले, प्रो कबड्डी आणि आपली मंडई

मागच्या मंडईतली गोष्ट. सिहोऱ्याजवळच्या एका गावात रात्रीचे कबड्डी सामने चालू होते. धान निघून गेलेल्या बांधीत मैदान आखलेलं, चार कोपऱ्यांत बांबूला बांधलेले हॅलोजन, आणि बारा वाजून गेले तरी माणसं जागची हलायला तयार नाहीत. माझ्या बाजूला बसलेल्या कॉलेजच्या पोराने मोबाईलमधून मान वर काढली अन् विचारलं, "काऊन जी भाऊ, अमेरिकेत फुटबॉलचा वर्ल्डकप होते, पण तिथल्या लोकाईले फुटबॉल आवडत नाई म्हणते. मंग पायते कोन?"

तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एका खेळाने आधीच व्यापलेल्या मुलखात दुसरा खेळ जागा कशी करतो? त्यांच्याकडे बेसबॉल, आपल्याकडे क्रिकेट. प्रश्न एकच आहे. म्हणून जरा मागे जाऊन पाहू.

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते सॉकर म्हणतात. या सॉकरची मोठी व्यावसायिक लीग तिथे १९६८ साली सुरू झाली. लोक येईनात, म्हणून १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉस संघाने साक्षात पेलेला आणलं. लोक आले, आणि कसे! १९७७ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७ हजारांवर प्रेक्षक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा संघ कोलकात्यात आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ असा बरोबरीत सुटला. पण पेले निवृत्त झाला, गर्दी ओसरत गेली, संघ भराभर वाढवल्याने खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १९८४ च्या हंगामानंतर लीगच बंद पडली. लोक पेलेला पाहायला आले होते. सॉकर पाहायला आले, असं समजण्यात चूक झाली.

दुसरा प्रयत्न १९९६ चा. १९९४ चा वर्ल्डकप अमेरिकेत झाला तेव्हा दर सामन्याला सरासरी जवळपास ६९ हजार प्रेक्षक होते. त्या जोरावर १० संघांची मेजर लीग सॉकर सुरू झाली. आपल्या लोकांना बरोबरी पचत नाही, असं चालकांना वाटलं. म्हणून नियमच बदलले. घड्याळ उलटं चालवलं. सामना बरोबरीत सुटला तर ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन धावायचं आणि एकट्या गोलकीपरला चकवायचं, असा निकाल काढला. ज्यांना सॉकर नको होता ते तरीही आले नाहीत, आणि ज्यांना हवा होता तेही नाराज झाले. २००० च्या हंगामापर्यंत हे सगळं मागे घ्यावं लागलं. २००१ नंतर फ्लोरिडातले दोन संघ बंद पडले.

मग ही लीग वाचली कशी? हळूहळू, अन् घर बांधल्यासारखी. १९९९ मध्ये कोलंबसच्या संघाने खास सॉकरसाठी स्टेडियम बांधलं, पुढे इतरांनीही बांधली. उसन्या मोठ्या मैदानात २० हजार माणसं विखुरलेली दिसायची, स्वतःच्या लहान मैदानात तीच खचाखच भरलेली दिसू लागली. शेजारच्या शहराशी खुन्नस तयार झाली. बाप पोराला घेऊन यायला लागला. आज ३० संघ आहेत. मेस्सी २०२३ मध्ये आला, पण तोपर्यंत घर उभं होतं. पेले आला तेव्हा नुसता मांडव होता.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रात या खेळाला हुतूतू म्हणायचे, तामिळनाडूत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. गावागणिक नियम वेगळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या क्रीडासंस्थांनी नियम बांधायला घेतले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ते छापले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी आयुष्य घातलं. १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली आणि भारताने सुवर्ण घेतलं. तरी शहरातल्या माणसाला हा गावंढळ खेळच वाटायचा.

मग आलं २०१४. त्या एकाच वर्षात दोन लीग सुरू झाल्या. जुलैमध्ये प्रो कबड्डी, ऑक्टोबरमध्ये फुटबॉलची इंडियन सुपर लीग. फुटबॉलवाल्यांनी कॉसमॉसचाच रस्ता धरला. दिल्लीला देल पिएरो, पुण्याला ट्रेझेगे, मुंबईला अनेल्का. सगळे थोर, सगळे उतरत्या वयाचे. पुण्याचा तो संघ २०१९ मध्ये बंदही झाला. कबड्डीकडे असं नाव नव्हतंच. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. पण पहिल्याच हंगामात ४३ कोटींवर लोकांनी ही लीग पाहिल्याचे आकडे प्रसिद्ध झाले, म्हणजे आयपीएलच्या खालोखाल. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली.

कबड्डीनेही प्रेक्षकांसाठी बदल केले. मातीऐवजी मॅट, ३० सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो'. मग अमेरिकेत फसलं ते इथे का चाललं? मला वाटतं, कारण सरळ आहे. अमेरिकेने खेळाला दुसऱ्या खेळासारखं करायला पाहिलं. इथे खेळात जे मुळात होतं, एकटा माणूस सातजणांच्या अंगणात शिरतो आणि परत येतो की नाही, तेच आणखी टोकदार केलं. आणि सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाने लहानपणी कधीतरी गुडघे फोडून घेतलेले होतेच.

पण नुसतं लहानपण पुरत नाही. अमेरिकेतली लहान पोरंही पिढ्यानपिढ्या सॉकर खेळतातच, तरी लीगला प्रेक्षक मिळायला वर्षं लागली. आणखी दोन गोष्टी लागतात. एक, मैदानात आपला माणूस. कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अख्ख्या पेठा लोटतात. कुणी पेले लागत नाही. दुसरी गोष्ट, त्या माणसाचा हिशेब. बेसबॉल अमेरिकेच्या अंगात भिनला त्यात वर्तमानपत्रांचा मोठा हात आहे. १८५९ पासून हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने सामन्याचा तपशील तक्त्यात छापायला सुरुवात केली. कोण किती धावला, कोण चुकला. ज्याने सामना पाहिला नाही, तोही सकाळी त्यावर वाद घालू शकला. प्रो कबड्डीने नेमकं हेच केलं. प्रत्येक चढाई मोजली, प्रत्येक पकड मोजली. म्हणून प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे १,८०० च्या वर गुण आहेत हे आज शाळकरी पोरगं सांगतं.

आणि इथे मला माझंच ऑडिट करावं लागतं.

वीस वर्षं मी या भागातून बातम्या पाठवतोय. मंडईतल्या कबड्डीच्या निदान शंभर बातम्या लिहिल्या असतील. परवा जुनी कात्रणं काढून बसलो. प्रत्येक बातमीत उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, प्रथम बक्षीस कुणाकडून, सूत्रसंचालन अन् आभार कुणी, सगळं आहे. बारा-पंधरा नावं. खेळाडूचं एकही नाव नाही! कोणत्या चमूने किती गुणांनी जिंकलं तेही नाही. "अटीतटीच्या लढतीत विजय मिळविला," बस्स. अटीतटी म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही. पाहुण्यांची नावं सुटली तर दुसऱ्या दिवशी फोन यायचे. खेळाडूचं नाव सुटल्याचा फोन कधी आला नाही. मीही सोयीचं तेच केलं.

माझ्या शाळेच्या दिवसांत एक माणूस असा खेळायचा की त्याने पाय काढला की मैदान गप्प व्हायचं. आज तो रोवणीच्या मजुरीला जातो. त्याच्या खेळाचा कागदावर एकही पुरावा नाही. त्याची मुलगी शाळेच्या संघात आहे. बाप कसा खेळायचा, हे तिला फक्त ऐकून माहीत.

म्हणूनच प्रो कबड्डी जिंकली तरी आपण जिंकलो असं मला म्हणवत नाही. १२ संघांत विदर्भाचा एकही नाही. २०२५ च्या हंगामात सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. महाराष्ट्राचे दोन संघ खेळले, पुणेरी पलटण तर फायनलपर्यंत गेली, पण महाराष्ट्रात एकही सामना नाही. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची स्पर्धा झाली, ती तेवढीच. आपली पोरं मातीवर खेळतात आणि निवड मॅटवर होते. जिथून हा खेळ वर गेला ती गावं फक्त प्रेक्षक झाली, तर एक दिवस तिथले प्रेक्षकही जातील. कॉसमॉसची ७७ हजार माणसं गेलीच ना.

मॅट आणणं माझ्या हातात नाही. लीगमध्ये संघ आणणं तर नाहीच. वही-पेन मात्र आहे. तेव्हा ठरवलंय, येत्या मंडईपासून सिहोरा परिसरात मी जो सामना पाहीन, त्याच्या प्रत्येक चढाईची नोंद ठेवीन. चमू, खेळाडूचं पूर्ण नाव, गाव, गुण, पकडी. पेपरने नाही छापलं तर इथे, याच भिंतीवर टाकीन. पाहुण्यांनी राग मानू नये, त्यांची नावं शेवटच्या ओळीत येतील.

तुमच्या गावातला जुना गाजलेला गडी कोण होता, कोणत्या साली, कोणत्या मैदानावर, तेवढं खाली लिहा. एखादा जुना फोटो, शिल्ड, प्रमाणपत्र पेटीत असेल तर पाठवा. आणि त्या पोराला एवढंच सांगतो : बाबू, अमेरिकेत सॉकर कोण पाहतो? ज्याच्या गावचा संघ आहे तो.