काकवीची छायाचित्रे : परंपरा आणि पुरावा

१९४० साली मॅरियन पोस्ट वोल्कॉट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने पूर्व केंटकीच्या डोंगराळ मुलखात, जॅक्सन आणि कॅम्प्टन या गावांमधल्या रस्त्यालगत, काकवी करणारी माणसे टिपली. ही काकवी उसाची नव्हे, गोड ताटांच्या ज्वारीची. पण कृती आपल्या गुऱ्हाळाचीच. खेचर लांब दांडा ओढत चरकाभोवती फिरते, गाळलेला रस पसरट काहिलीत पडतो, खाली लाकडांचा जाळ, वर सतत काढावी लागणारी हिरवट मळी. साधारण आठ ते दहा माप रस आटला म्हणजे एक माप काकवी उतरते.

ही चित्रे आज ‘जुन्या, साध्या ग्रामजीवना’ची म्हणून पाहिली जातात. त्यांचा जन्म मात्र सरकारी कचेरीत झाला. महामंदीने खचलेल्या शेतकऱ्यांसाठी १९३५ मध्ये स्थापन झालेले पुनर्वसन खाते १९३७ मध्ये फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झाले. त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. काय टिपावे याच्या याद्या ते छायाचित्रकारांना पाठवीत आणि नापसंत निगेटिव्हना भोक पाडून बाद करीत. वोल्कॉट १९३८ मध्ये येथे रुजू झाल्या. तेव्हा या संग्रहाकडे पाहताना निवडणारा हातही लक्षात घ्यावा लागतो.

येथे एक विसंगती नजरेत भरते. याच खात्याच्या गृहशिक्षिका शेतकरी स्त्रियांना प्रेशर कुकरच्या साहाय्याने भाज्या-फळे काचेच्या बरण्यांत टिकवायला शिकवीत, आणि कुकर घेण्यासाठी खाते कर्जही देई. भरलेल्या बरण्यांच्या फळ्यांसमोर उभ्या असलेल्या गृहिणींची चित्रे याच संग्रहात आहेत. म्हणजे एकाच दप्तरात काकवीची काहील आहे आणि तिच्या शेजारी सरकारला अभिप्रेत असलेले नवे स्वयंपाकघरही आहे. खात्याला ग्रामीण जीवन जतन करण्यापेक्षा ते सुधारायचे होते. आपल्याला त्यात जे स्मरणरंजन दिसते ते बरेचसे नंतरच्या प्रेक्षकाचे आहे.

‘पारंपरिक’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. काकवीची ही गोड ज्वारी अमेरिकेत रुजली ती १८५० च्या दशकात. यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडून येणारी साखर आटली, तेव्हा उत्तरेत तिची लागवड वाढली. वोल्कॉट यांनी टिपली तेव्हा ही परंपरा शंभर वर्षांचीही नव्हती. शिवाय हाती रोकड नसलेल्या कुटुंबाला घरची काकवी ही विकतच्या साखरेला पर्याय होती. ज्याला आपण संस्कृती म्हणतो, त्यात टंचाईचा वाटा किती, हा प्रश्न चित्र स्वतःहून विचारीत नाही.

मग अशा छायाचित्राला पुरावा मानावे का? १९३६ मध्ये याच विभागाच्या आर्थर रॉथस्टाइन यांनी साउथ डकोटात गुराची एक कवटी थोडी हलवून तिची चित्रे घेतली, आणि वृत्तपत्रांनी बनवाबनवीचा आरोप करून मोठे वादळ उठवले. काकवीच्या बाबतीत एक गोष्ट छायाचित्रकाराच्या हाती नसते : उकळता रस कोणासाठी थांबत नाही. मळी वेळेवर काढली नाही, जाळ चुकला, तर घाणा बिघडतो. काम करणारा माणूस कॅमेऱ्याकडे पाहील, पण काहिलीकडे पाठ फिरवणार नाही. त्या झुकलेल्या पाठीत आणि धुराने बारीक झालेल्या डोळ्यांत जे उरते, त्याला पुरावा म्हणायला हरकत नसावी.

राहतो तो मथळा. या संग्रहातील मथळ्यांत ठिकाण, महिना आणि कृती नोंदलेली असते. माणसाचे नाव मात्र पुष्कळदा नसते. काकवी नेमकी कधी उतरवायची हे ज्याला बुडबुड्यांवरून कळे, तो जाणकार संग्रहात ‘शेतकरी’ एवढाच उरतो. साहित्याच्या अभ्यासकाने ही चित्रे मथळ्यासह वाचावीत ती यासाठीच. कारण कृती टिकली आणि कर्ता गळला, ही गोष्ट चित्रापेक्षा त्याखालची ओळच अधिक स्पष्ट सांगते.