बाटलीवरच्या ४२.८ ची कुळकथा

गारगोटीच्या बाजारपेठेत काय, किंवा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही गावी काय, परवानाधारक दुकानातील देशी बनावटीच्या व्होडकेची बाटली हाती घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरे वाचण्याचा उपद्व्याप जो कोणी करील, त्याला तेथे बहुधा ४२.८ टक्के हा चमत्कारिक आकडा आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी '२५° यू.पी.' अशी गूढ मुद्रा आढळेल. रशियाची व्होडका चाळीस टक्क्यांची, युरोपीय कायद्याने ती किमान साडेसदतीस टक्क्यांची. मग आमच्याच कपाळी हा अपूर्णांक कोणी लिहिला? माझे उत्तर असे की, हा आकडा मॉस्कोचा नव्हे, इंग्रजी अबकारी कचेरीचा आहे, आणि त्याच्या मुळाशी बंदुकीची दारू आहे.

इंग्लंडात मद्यावरील कर त्याच्या तीव्रतेप्रमाणे आकारला जाई आणि तीव्रता ठरविण्याची जुनी रीत अशी होती की, चिमूटभर बंदुकीची दारू मद्यात भिजवून तिला बत्ती द्यायची. ती पेटली तर माल कसाला उतरला, फुसकी निघाली तर त्यात पाणी अधिक. मद्याची आणि तोफेची, अशा दोन्ही दारूंना आपण एकाच फारसी शब्दाने ओळखतो, म्हणून मराठी माणसाला ही परीक्षा ऐकताच पटावी! पुढे १८१६ च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्स यांचे तरंगमापक सरकारमान्य झाले, आणि जो कस पूर्वी ज्वालेने ठरे तो आकड्यांत बसला. त्या हिशेबाने शंभर अंशांचे 'प्रूफ' म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क. 'यू.पी.' म्हणजे 'अंडर प्रूफ', कसाच्या खाली. पंचवीस अंश खाली म्हणजे पाऊण कस, आणि ५७.१ चे तीन चतुर्थांश काढले की ४२.८ हातात पडतात. साहेब गेला, त्याचे अंश त्याच्या देशानेही टाकले. आमच्या बाटलीवर मात्र ते नांदत आहेत.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, मद्याचे प्रमाण हा रसायनशास्त्राचा प्रांत, आणि चाळीस टक्क्यांचा आदर्श रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेव्हने आपल्या १८६५ च्या प्रबंधात सिद्ध केला. ही आख्यायिका गोड आहे. परंतु चाळीस अंशांचे माप रशियाच्या १८४३ च्या सरकारी नियमांतच आढळते, आणि त्या वेळी मेंडेलेव्ह आठ-नऊ वर्षांचा बालक होता. म्हणजे तिकडचा आकडाही महसुलाच्या दप्तरातूनच निघाला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या अखंड चालणाऱ्या स्तंभभट्टीवाचून आजची निर्गंध व्होडका संभवतच नाही, तिचे १८३० चे पेटंट घेणारे ईनियस कॉफी हे पूर्वी डब्लिनचे अबकारी अंमलदार होते. पोलंड आणि रशिया व्होडकेच्या मातृत्वासाठी खुशाल भांडोत. पितृत्व मी अबकारी खात्याला देतो.

राहिला कच्च्या मालाचा प्रश्न. गारगोटीकडच्या वेदगंगेच्या खोऱ्यातला ऊस बिद्रीसारख्या साखर कारखान्यांत गाळला जातो आणि साखर निघाल्यावर जी काळी, चिकट मळी उरते, त्या जातीच्या मळीपासून आपल्याकडील बरीचशी व्होडका बनते. मळीत पाणी व यीस्ट घालून ती आंबवितात; मग स्तंभात ७८ अंशांना उकळणारा मद्यार्क वेगळा काढीत ९६ टक्क्यांपर्यंत नेतात, आणि शेवटी शुद्ध पाण्याने त्याला उतरवितात. दर्प घालविण्यासाठी तो कोळशाने गाळतातही; ही युक्ती १७८५ साली पीटर्सबर्गच्या लोविट्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधली. युरोपातील धान्यवादी अशा मळीच्या व्होडकेला अस्सल म्हणायला तयार नव्हते. २००८ च्या नियमाने तिच्यावर कच्च्या मालाचे नाव छापावे, एवढ्यावर तडजोड झाली. उसाचे मद्य आमच्याकडे मात्र नवे नाही. 'ऐन-इ-अकबरी'त गूळ व बाभळीची साल आंबवून अर्क काढण्याच्या तीन रीती दिल्या असून, दोनदा ओढलेल्या अर्कास 'दुआतशा' म्हटले आहे. तो हाताला लावून विस्तवाजवळ धरला तर रंगीत ज्वाळा उठतात, हात मात्र भाजत नाही, असेही ग्रंथकर्ता अबुल फजल सांगतो. इंग्रजांनी आगीची परीक्षा येथून उचलली, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. भट्टी आणि विस्तव एकत्र असले की ही युक्ती कोणालाही सुचावी.

आता निवडीचे. ४२.८ हा तीव्रतेचा आकडा आहे, गुणाचा नव्हे. 'पाच वेळा ओढलेली' ही जाहिरातही फारशी मनावर घेऊ नये, कारण एका उत्तम स्तंभात ते काम केव्हाच झालेले असते. धान्याची की मळीची, हे लेबलावर पाहावे. थंड न करता थोडी चाखावी. घशाला ओरखडणारी, स्पिरिटसारखा दर्प मारणारी पुन्हा घेऊ नये. मात्र मिथेनॉल ना वासाने कळते, ना चवीने, ना ज्वालेने. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. म्हणून सील अभंग, अबकारी खात्याची खूण शाबूत, आणि दुकान परवान्याचे, या तीन गोष्टी नसतील तर बाटली कितीही स्वस्त असो, ती परत ठेवावी.