घरगुती शिवणकाम, वऱ्हाडातील

घरातील माणसांसाठी लागणारे कपडे घरच्याच व्यक्तीने, बहुधा स्त्रीने, बेतून शिवणे, जुने कपडे दुरुस्त करणे व जीर्ण वस्त्रांतून उपयुक्त वस्तू तयार करणे, या कामांना घरगुती शिवणकाम म्हणतात. शिंप्याच्या व्यवसायात मोबदला व गिऱ्हाईक असते. घरगुती शिवणकामात बहुधा दोन्ही नसतात. त्यामुळे त्याची नोंद व्यापाराच्या वा उद्योगधंद्यांच्या इतिहासात क्वचितच आढळते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे जिल्हे मिळून होणाऱ्या वऱ्हाडात या कामाला विशेष संदर्भ आहे. हा प्रदेश कापसाचा. परंतु येथे पिकलेला बहुतेक कापूस सुमारे दीड शतक बाहेर जात राहिला आणि कापड होऊन परत आला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमरावती व अकोला या भागांतील घरगुती शिवणकामाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे ही महाराष्ट्रातील परंपरागत वस्त्रे न शिवता वापरावयाची आहेत. धार्मिक कृत्यांत सोवळ्याचे वस्त्र बिनशिवलेलेच असावे, असा संकेत असे. शिवलेल्या वस्त्रांत स्त्रियांची चोळी, पुरुषांची बंडी, बाराबंदी व अंगरखा आणि लहान मुलांची झबली, टोपडी व कुंच्या एवढ्यांचाच प्रामुख्याने समावेश होई. यांपैकी अंगरख्यासारखी बेतीव वस्त्रे शिंपी शिवीत असे. अलुतेदारांच्या काही याद्यांत शिंप्याचा निर्देश येतो. संत नामदेव (१२७०–१३५०) हे याच समाजातील होत. लग्नकार्यापूर्वी शिंप्याला घरी बोलावून ओसरीवर बसविण्याची व घरातील सर्वांचे कपडे एकदम शिवून घेण्याची चालही सुस्थित कुटुंबांत होती.

घरात सुई होती, तरी तिचे क्षेत्र मर्यादित होते. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काज इ. प्रकार मुली आई-आजीकडून शिकत. ठिगळ लावणे, उसवलेले जोडणे, तान्ह्या मुलांचे कपडे व गोधडी शिवणे ही कामे घरातच होत. मात्र नव्या कापडाला कात्री लावून ते बेतणे, हे कौशल्य बहुतांशी शिंप्याचे मानले जाई. घरगुती शिवणकामाच्या पुढील इतिहासात महत्त्वाचा बदल घडला तो येथेच : टाका घरात पूर्वीपासून होता, बेतणी मागाहून आली.

जुन्या वस्त्राचा उपयोग : नऊवारी लुगडे विरले की त्याचा चांगला भाग कापून मुलीचा परकर किंवा बाळाचे दुपटे होई. त्यानंतर उरलेले तुकडे गोधडीच्या थरांत घातले जात व अखेरीस चिंध्यांचे पोतेरे होई. या क्रमामागे काटकसर होती, तसेच कापडाच्या गुणधर्मांचे ज्ञानही होते. वारंवार धुतल्याने सुती कापडातील खळ निघून जाते, धागा मऊ होतो व घाम चांगला शोषला जातो; म्हणून नवजात बालकाला जुन्या धुवट कापडाचे कपडे घालीत. बाळंतविड्यातील झबली, टोपडी, कुंची व दुपटी माहेरच्या स्त्रिया हाताने शिवीत. त्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूस किंवा चपट्या ठेवीत, म्हणजे त्या बाळाच्या अंगाला टोचत नसत.

चिंध्यांच्या वस्त्राला या प्रदेशात वेगळा सामाजिक अर्थही प्राप्त झाला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ठिगळे जोडून शिवलेले वस्त्र वापरीत; त्यावरून त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशी नावे पडली. गरिबीची खूण मानले जाणारे वस्त्र त्यांनी आयुष्यभर हेतुतः अंगावर बाळगले आणि त्याच वेषात स्वच्छतेचा व शिक्षणाचा प्रचार केला.

कापूस व गिरणीचे कापड : निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व भारतीय कापसाची मागणी वाढली. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ या संज्ञेने ओळखला जाणारा कापूस मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत विकला जाऊ लागला. ज्या गाड्यांतून कापसाच्या गाठी गेल्या, त्याच गाड्यांतून गिरणीचे सूत व कापड आले. हा प्रदेश कापूस पिकवील व तयार कापड विकत घेईल, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची उघड अपेक्षा होती. हातसुताची मागणी घटली व विणकरांच्या वस्त्यांना त्याची झळ पोहोचली. तथापि अकोटच्या सतरंज्यांसारखे काही जाडेभरडे विणकाम टिकून राहिले. पुढे बडनेरा, अकोला व अचलपूर येथे कापडगिरण्या निघाल्या.

या बदलाचा घरगुती शिवणकामावर झालेला परिणाम दुहेरी होता. कापड तयार करण्याच्या प्रक्रियेतील सूतकताई घरातून गेली. पण गिरणीचे कापड ठराविक पन्ह्याचे व वारावर मिळू लागल्याने ते कापून शिवणे सोपे झाले. चोळीऐवजी पोलके, परकर, सदरा, मुलींचे झगे अशा शिवलेल्या वस्त्रांचे प्रमाण वाढले.

शिवणयंत्राचा प्रसार : एलायस हौ याने १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राची एकस्वे घेतली. या यंत्राचे मर्म दुहेरी धाग्यात आहे. सुईचे नेढे टोकाजवळ असते. तिने कापडाखाली नेलेल्या धाग्याच्या फासातून खालच्या बॉबिनचा धागा जातो व दोहोंची गुंफण कापडाच्या मध्यावर बसते. त्यामुळे टीप एकसारखी व पक्की होते. सिंगर कंपनीने हप्त्यांनी यंत्र विकण्याची पद्धत रूढ केली. भारतात तिच्या व्यवसायाची उभारणी करण्यात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाचा मोठा वाटा होता.

भारतीय बनावटीचे यंत्र तयार करणारा जय इंजिनिअरिंग वर्क्स हा कारखाना १९३५ मध्ये कलकत्ता येथे सुरू झाला. त्याचे ‘उषा’ यंत्र स्वातंत्र्योत्तर काळात सर्वदूर पोहोचले. हातमशीन जमिनीवर बसून चालविता येई, परंतु एक हात चाकावर गुंतून राही. पायमशीनमुळे दोन्ही हात कापड सरकविण्यास मोकळे झाले. हळूहळू मध्यमवर्गीय घरांत मुलीच्या लग्नात यंत्र देण्याची प्रथा पडली. रुखवतात तिने शिवलेल्या व भरतकाम केलेल्या वस्तू मांडण्याची पद्धत यापूर्वीचीच होती.

म. गांधींनी यंत्रसंस्कृतीवर टीका केली, तथापि १९२४ मध्ये त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा आपल्या आक्षेपास अपवाद म्हणून निर्देश केला. माणसाचे श्रम हलके करणारे, पण त्याला बेकार न करणारे यंत्र त्यांना मान्य होते. खादीच्या चळवळीमुळे टोपी, सदरा, झोळी यांचे शिवणकाम अनेक घरांत होऊ लागले. वऱ्हाडाला लागून असलेल्या वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षणपरिषदेत हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, हा विचार मांडला गेला. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या संत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) ग्रामगीता या ग्रंथात ग्रामोद्योगांचा व खेड्याच्या स्वावलंबनाचा पुरस्कार केला.

शिक्षण : शिवण हा विषय मुलींच्या शिक्षणात प्रथमतः मिशनरी शाळांतून व नंतर समाजसुधारकांच्या संस्थांतून आला. पुणे येथील सेवासदन (१९०९) व नागपूरचे सेवासदन (१९२७) यांसारख्या संस्थांत विधवा व परित्यक्ता स्त्रियांना स्वावलंबी करणे हा प्रमुख हेतू होता. शिवणवर्गाला घरातून विरोध कमी होई, कारण ते काम स्त्रीला साजेसे समजले जाई; परिणामी अनेक स्त्रियांना घराबाहेर पडण्याचे ते पहिले निमित्त ठरले. याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. शाळेतील मुलांना सुतारकाम व मुलींना शिवण अशी वाटणी होत राहिल्याने घरात शिवणे हे स्त्रीचे व पैसे घेऊन शिवणे हे पुरुषाचे काम, ही समजूत दृढ झाली.

झारापकर पद्धतीसारख्या कर्तनशास्त्रावरील मराठी पुस्तकांमुळे बेतणीचे ज्ञान व्यवसायाबाहेर पसरले. या पद्धतींत छातीच्या मापाचे चौथा, सहावा, आठवा, बारावा असे भाग पाडून मुंढा, गळा, खांदा इ. आखतात. छाती ३२ इंच असल्यास पुढच्या अर्ध्या भागाची रुंदी ८ इंच अधिक ढिलाई एवढी घेतात. कडेने शिवणीसाठी राखलेल्या जादा कापडास ‘माया’ म्हणतात. वाढत्या मुलांच्या कपड्यांत ही माया जास्त ठेवतात व खालची दुमड रुंद घेतात, म्हणजे कपडा उसवून मोठा करता येतो. १९५६ च्या कायद्यानंतर वाराऐवजी मीटर आला, तरी शिवणवर्गांत अंगाचे माप इंचांतच घेण्याची सवय कायम राहिली. एबेनीझर बटरिक याने १८६३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेल्या छापील कागदी नमुन्यांसारखी पद्धत इकडे फारशी रुजली नाही. अंगाला चांगला बसणारा जुना पोलका उसवून त्यावरून कागद कापून ठेवणे, हीच घरोघरची रीत होती. ‘स्त्री’ (१९३०) यांसारख्या मासिकांनीही शिवण-विणकामाची आवड वाढविली. घरगुती शिवणकामाला छंदाचे स्वरूप येऊ लागले ते या काळात. अर्थात ज्या घरांत यंत्र, कापड व दुपारचा फुरसतीचा वेळ होता त्यांच्यापुरतेच.

टंचाई, तयार कपडे व नवी स्थिती : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई झाली व १९४३ मध्ये कापडावर नियंत्रणे आली. अशा काळात जुने उसवून नवे शिवण्याचे कौशल्य हाच बहुसंख्य कुटुंबांचा आधार असे. यानंतरच्या चार दशकांत घरगुती शिवणकामाचा सर्वाधिक विस्तार झाला. १९८० नंतर मात्र कृत्रिम धाग्यांचे स्वस्त कापड व तयार कपडे यांचा प्रसार होऊन त्यास ओहोटी लागली. कृत्रिम धाग्याच्या साड्या लवकर विरत नाहीत व घामही शोषत नाहीत. त्यामुळे लुगड्यापासून दुपट्यापर्यंतचा जुना क्रम खंडित झाला. ज्या भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत जाते, तेथे या बदलाची उणीव विशेष जाणवते.

घरासाठी शिवणे कमी झाले, तसे घरी बसून दुसऱ्यांसाठी शिवणे वाढले. ब्लाऊज शिवणे, साडीला फॉल लावणे, पिको करणे ही कामे तयार कपड्यांच्या स्पर्धेतही टिकली. कारण ब्लाऊजला प्रत्येकीचे माप स्वतंत्र लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र सुरू झाले. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. याच काळात अनेक स्वयंसेवी संस्थांनी व शासकीय योजनांनी विधवांना शिवणयंत्रे दिली. कापसाने बुडविलेल्या घराला कापड शिवून सावरावे, अशी ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात लहान गावात गिऱ्हाईक मोजके असते. एकाच गावात अनेक यंत्रे आली की प्रत्येकीच्या वाट्याला काम थोडे येते. यंत्राबरोबर बेतणीचे शिक्षण, कापडाचा पुरवठा व बाजारपेठ मिळाली तरच ते उपजीविकेचे साधन ठरते. २०२० मधील महासाथीत बचतगटांतील स्त्रियांनी मोठ्या प्रमाणावर मुखपट्ट्या शिवल्या, तेव्हा अशी निश्चित मागणी काही काळ निर्माण झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिवणकामाचा समावेश आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योगाची वसाहत असून, अमरावती येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

मूल्यमापन : घरगुती शिवणकामाचे आर्थिक मूल्य ठरविणे कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीत (२००८) घरातील वापरासाठी नवा कपडा शिवणे हे उत्पादन समजले जाते; मात्र घरातील जुन्या वस्तूंची घरच्याच माणसाने केलेली दुरुस्ती त्यात धरली जात नाही. म्हणजे नवी चोळी शिवणाऱ्या स्त्रीचे श्रम निदान तत्त्वतः मोजले जातात, ठिगळ लावणारीचे नाहीत. वऱ्हाडातील कुटुंबांचा विचार करता हे दुसरे कामच अधिक जुने, अधिक सार्वत्रिक व दुष्काळाच्या वर्षी अधिक निकडीचे होते. ज्या घरांत नवे कापड वर्षातून एकदा, बहुधा कापूस विकला गेल्यावर येई, तेथे उरलेले वर्ष दुरुस्तीवरच निभावत असे. कापसाच्या व्यापाराचे आकडे अहवालांतून व बाजारसमित्यांच्या दप्तरांतून मिळतात. या श्रमाचा पुरावा मात्र जुन्या गोधड्या, उसवलेल्या शिवणी व वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांतच शोधावा लागतो.