रताळ्याचा पाय आणि सांगणारीचं नाव

(मंडळाच्या बैठकीत वाचलेल्या टिपणाचं हे थोडं वाढवलेलं रूप. बैठकीत ज्यांनी पाय खाल्ला, त्यांनी पहिले दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालतील.)

गेल्या दिवाळीनंतर अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. ती अटलांटाला असते. म्हणाली, "मावशी, इथे सणाला रताळ्याचा पाय करतात. आपल्याकडे एवढी रताळी पिकतात, मग आपण फक्त उपासालाच का खातो?" प्रश्न बरोबर होता. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत लाल मातीत रताळी होतात. पावसाळ्यात वेलाचे तुकडे लावायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणी सुरू, मग बाजार समितीत पोत्यांची थप्पी. तिथून माल पार दिल्लीपर्यंत जातो. आणि आम्ही गावात राहून काय करतो, तर एकादशीला कीस आणि महाशिवरात्रीला गोड काप.

आईला सांगितलं, रताळ्याचा पाय करणार. ती म्हणाली, "रताळ्याला पाय कधी फुटले?" त्यात अंडी घालतात हे कळल्यावर तिने चुलीकडे पाठ फिरवली. उपासाच्या वस्तूत अंडं! तरी मी केला. आणि तो करताना जे वाचलं, त्यामुळे आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट माझ्यासमोर उभी राहिली. हे टिपण खरं तर त्यासाठी आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना अमेरिकेच्या दक्षिणेतली शेती ठाऊक आहे ती वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' मुळे. १९८१ साली आलेलं हे पुस्तक कुठल्या मराठी घरात नाही? मलाही वाटायचं की शेंगदाण्यासारखा रताळ्याचा पायही कार्व्हरांनीच शोधून काढला असणार. तसं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला आले. कापसाने जमिनीचा कस गेलेला, शेतकरी कर्जात बुडालेला. अशा जमिनीत तग धरणारं आणि घरातल्यांचं पोट भरणारं पीक म्हणून त्यांनी रताळ्याचा पाठपुरावा केला. १९१० मध्ये मेकन परगण्यातल्या रताळ्यावर त्यांची पुस्तिका निघाली, पुढे साठवणीच्या आणि स्वयंपाकाच्या रीती सांगणारी आणखी एक. तिच्यात पाय आहे. सालासकट उकडलेलं रताळं, दूध, साय, अंडी, दालचिनी, आलं, हवी तर एखादी लवंग, आणि पारी फक्त खालून. पण कार्व्हर जे लोकांच्या घरात होतंच, ते नीट मांडून देत होते. पाय त्यांच्या कितीतरी आधीचा.

किती आधीचा, हे बघायला दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवावीत.

पहिलं १८२४ चं, व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ यांचं 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ'. त्यात रताळ्याचं पुडिंग आहे. नाव पुडिंग असलं तरी भांड्याला पारी लावून त्यात भरायचं, म्हणजे पायच. एक पौंड रताळ्याला पाऊण पौंड लोणी, पाऊण पौंड साखर, सहा अंडी, जायफळ, लिंबाची साल आणि पेलाभर ब्रँडी. रँडॉल्फबाई व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदार घराण्यातल्या. त्या घरांच्या स्वयंपाकघरात कष्ट कोणाचे होते हे वेगळं सांगायला नको. गुलाम बायाबापड्यांचे.

दुसरं पुस्तक १८८१ चं, सॅन फ्रान्सिस्कोत छापलेलं. ॲबी फिशर यांचं. नावच असं की मिसेस फिशर यांना जुन्या दक्षिणी स्वयंपाकातलं काय काय ठाऊक आहे. या बाई दक्षिण कॅरोलिनात गुलामगिरीत जन्मल्या, नंतर अलाबामातल्या मोबीलला राहिल्या आणि गुलामगिरी संपल्यावर काही वर्षांनी नवरा-मुलांसह पार पश्चिम किनाऱ्यावर गेल्या. लोणची-मुरंब्यांचा धंदा केला. १८७९ मध्ये सॅक्रामेंटोच्या जत्रेत आणि १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांना बक्षिसं मिळाली. त्यांचा पाय असा: दोन पौंड रताळ्यांचे दोन पाय. रताळी मऊ उकडून गरम असतानाच चाळणीतून काढायची. लोणी मोठा एक चमचा. पाच अंडी, पिवळं आणि पांढरं वेगवेगळं फेटून. थोडं दूध, एका संत्र्याचा रस, अर्ध्या संत्र्याची किसलेली साल. साखर अंदाजाने. पारी फक्त खाली.

लोण्याकडे बघा. रँडॉल्फबाईंकडे एका पौंडाला पाऊण पौंड, फिशरबाईंकडे दोन पौंडांना एक चमचा. मला दोन्ही पुस्तकांतल्या प्रस्तावनांपेक्षा हा फरक जास्त बोलका वाटला. एकीकडे रताळं म्हणजे लोणी आणि साखर वाहून न्यायला एक निमित्त. दुसरीकडे रताळं हाच पदार्थ, बाकी सगळं त्याची चव वर काढायला.

गुलामांच्या झोपड्यांत पाय होत नव्हता हेही लक्षात ठेवलं पाहिजे. भट्टी नाही, गव्हाचं पीठ नाही, साखर नाही. शिध्यात मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस. रताळं मात्र झोपडीमागच्या तुकड्यात लावता यायचं. काढल्यावर जमिनीवर ढीग रचून त्यावर पाइनची सुकी पानं आणि माती टाकली की हिवाळाभर टिकायचं. खायचं ते राखेत भाजून. पाय भाजायचा तो मालकाच्या स्वयंपाकघरात, मालकासाठी. १८६५ नंतर तोच पदार्थ त्या हातांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या सणाला आणला. उत्तरेकडे सणाला भोपळ्याचा पाय आणि दक्षिणेतल्या काळ्या घरांत रताळ्याचा, ही वाटणी आजही पुष्कळशी टिकून आहे.

जाता जाता नावांची गंमत. 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा. कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांचा 'बटाटा' म्हणजे रताळं. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला आला. आपण तो दुसऱ्याच कंदाला चिकटवला. रताळ्याला मात्र आपल्याकडे आधीपासून असलेला लाल कंदाचा शब्द मिळाला, रक्तालूवरून रताळं. अमेरिकेच्या दक्षिणेत उलटी चूक झाली. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना 'याम' म्हणजे त्यांचा स्वतःचा कंद ठाऊक होता, आपल्या कोनफळाच्या कुळातला. तो तिथे फारसा मिळेना, तेव्हा नाव रताळ्याला गेलं. पुढे १९३० च्या दशकात लुइझियानाच्या व्यापाऱ्यांनी केशरी, ओल्या गराची रताळी याच नावाने विकायला काढली आणि घोळ कायमचा झाला. आमचे कानडी शेजारी गेणसू म्हणतात आणि या भानगडीत पडत नाहीत.

आता मूळ मुद्दा. फिशरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे त्यांनी स्वतः पुस्तकाच्या आरंभी सांगितलं आहे. नवऱ्यालाही येत नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या कोणी उतरवून घेतलं. उतरवणाऱ्याच्या कानाच्या खुणा पुस्तकात जागोजागी आहेत. 'सकोटॅश' नावाचा मक्याचा पदार्थ तिथे 'सर्किट हॅश' झाला आहे, जांबलायाचं 'जंबरली'. लिहिणाऱ्याने बाईंचा उच्चार ऐकला आणि त्याला जे कळलं ते लिहिलं. आपण आठवणी ध्वनिमुद्रित करून उतरवून घेतो तेव्हा आपलंही हेच होतं. गेल्या वर्षी आपल्याच एका टिपणात 'कट्टी' चं 'काठी' झालं होतं, आठवतंय ना? पण तिथे मुखपृष्ठावर नाव कोणाचं? उतरवणाऱ्याचं नाही. मिसेस फिशर यांचं.

पुढे शंभर वर्षं हे पुस्तक कोणाच्या लक्षात नव्हतं. १९८४ मध्ये एका लिलावात प्रत निघाली, १९९५ मध्ये पुनर्मुद्रण झालं. काळ्या अमेरिकी बाईचं पहिलं पाककृतींचं पुस्तक म्हणून त्याचा बोलबाला झाला. मग त्याहून जुनं, १८६६ चं मलिंडा रसेल यांचं पुस्तक सापडलं आणि 'पहिलं' हा मान तिकडे गेला. 'पहिलं' हा शब्द आपण इतिहासवाले फार लवकर वापरतो.

हे वाचत असताना मला आमचे घारगे आठवले.

आमच्या घरचे रताळ्याचे घारगे प्रसिद्ध आहेत. 'आमच्या घरचे' असं मी आयुष्यभर म्हणत आले. १९८० च्या दशकात गावातल्या एका महिला मंडळाच्या स्मरणिकेत ते छापून आले, माझ्या आत्याच्या नावाने. पान अजून माझ्याकडे आहे, तेलाच्या डागांसकट. आत्या सुगरण होती, पण घारगे ती करत नसे. ते करायच्या आमच्याकडे तीस वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या काकू. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही. स्मरणिका आली तेव्हा मी चांगली विशीतली होते आणि मजकूर मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. काकूंनी सांगितलं, मी उतरवलं, वर आत्याचं नाव घातलं. घर आत्याचं, मंडळाची सभासद आत्या, मग नाव तिचंच असणार, इतका सरळ हिशेब.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीकडे मी पहिला पाय घेऊन गेले. निमित्त पाय, विचारायचं होतं दुसरंच. पाय तसा फसलाच होता. फिशरबाईंच्या मापाने निम्मं घेतलं होतं: ४५० ग्रॅम रताळी, अडीच अंडी, पाव वाटी दूध, अर्ध्या संत्र्याचा रस. रताळी सोलून, फोडी करून उकडली. पुरणयंत्रातून काढली, दोरे सगळे मागे राहिले, तिथपर्यंत छान. १६० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम गार लोण्याची पारी. ओटीजीत १८० अंशांवर पाऊण तास. कडेला फुलला, मध्ये लिबलिबीत. खालची पारी ओली.

ताईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "पाण्यात उकडलीस का?"

मी म्हटलं, हो, घारग्यांना उकडतो तशीच.

"घारग्यांना कोण उकडतं? आई चुलीच्या राखेत भाजायची. तुमच्या त्या पुस्तकात उकडून लिहिलंय, ते चुकलंय."

म्हणजे त्यांनी स्मरणिका वाचली होती. इतकी वर्षं. मी काही बोलले नाही, त्यांनीच सांगितलं की आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते पान आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आई काय म्हणाली, विचारलं. "म्हणाली, पोरीने भाजून चं उकडून केलंन. आता करणाऱ्यांचे घारगे चिकट होणार." नावाबद्दल काही म्हणाल्या का, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. ताईंनीही ते काढलं नाही.

आणि आमचे घारगे काकूंनंतर खरोखरच चिकट होतात. पाणी प्यायलेल्या रताळ्यात कणीक जास्त लागते, गोडी कमी म्हणून गूळ जास्त, गूळ जास्त म्हणून पुन्हा चिकट. भाजण्यातलं शास्त्र साधं आहे. रताळं हळूहळू तापतं तेव्हा त्यातलं विकर पिठाची साखर करतं. हे काम साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात चालतं. राखेत अख्खं रताळं त्या टप्प्यातून सावकाश जातं, उकळत्या पाण्यातल्या फोडी झटकन पार होतात. शिवाय पाणी बाहेर जातं, आत येत नाही. हे काकूंना ठाऊक होतं, झोपडीतल्या राखेत रताळी भाजणाऱ्या त्या लोकांनाही.

दुसरा पाय मी भाजलेल्या रताळ्यांचा केला. चूल नाही, म्हणून ओटीजीतच सालासकट तासाभर, सालातून पाक पाझरेपर्यंत. साखर पहिल्यापेक्षा निम्मीच पुरली. पारी आधी दहा मिनिटं नुसती भाजून घेतली. आपली रताळी पांढऱ्या गराची आणि कोरडी, त्यामुळे दूध दोन चमचे जास्त. तो पाय मधोमध धरला, सुरीने स्वच्छ कापला गेला. बैठकीत तुम्ही खाल्लात तो हाच. संत्र्याची साल मी सोडली नाही. दालचिनी घातली नाही, फिशरबाईंनी सांगितली नाही म्हणून.

मंडळ सध्या घराघरांतल्या पदार्थांचा संग्रह करत आहे. त्यासाठी आलेल्या कागदांत वर नाव असतं ते घराचं किंवा घरमालकिणीचं. मी सुचवलं आहे की प्रत्येक कागदावर तीन रकाने असावेत: करणारी कोण, सांगणारी कोण, लिहिणारी कोण. काही सभासदांना हा उगाच खटाटोप वाटतो. एकांनी विचारलं की पन्नास वर्षांनी कोणाला काय फरक पडतो. रताळ्याच्या घारग्यांचा कागद मी नव्याने लिहून दिला आहे, 'राखेत भाजून' असा. तिसऱ्या रकान्यात माझं नाव आहे, आणि शेजारी १९८० च्या दशकातली चूकही माझीच, अशी नोंद.

पहिल्या दोन रकान्यांत काकूंचं नाव यायचं आहे. ताई म्हणाल्या, घाला, पण छापण्याआधी मला वाचून दाखवा. त्यांचे डोळे आता अधू झालेत. येत्या रविवारी कागद घेऊन जाणार आहे, तोवर ते नाव इथेही लिहीत नाही.