मेंदूचा हादरा : एका उपेक्षित दुखण्याची हकीकत

मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसच्या मैदानावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला, ही हकीकत क्रिकेटच्या शौकिनांना नव्याने सांगावयास नको. कवटी फुटली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि प्रतिपक्षाच्या फ्रँक वॉरेलने आपले रक्त दिले. प्राण वाचले, पुढे कॉन्ट्रॅक्टर प्रथम दर्जाचे क्रिकेटही खेळले, परंतु कसोटी सामना त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही. त्यांच्या कवटीत बसविलेली धातूची पट्टी २०२२ साली काढण्यात आली. या दुखापतीविषयी कोणाच्या मनात कधी शंका आली नाही. रक्त सर्वांनी पाहिले होते.

पण ज्याचे रक्त सांडले नाही, हाड मोडले नाही, जो क्षणभर भोवंडला आणि कपडे झटकून पुन्हा खेळावयास उभा राहिला, त्याचे काय? आठवड्याने त्याचे डोके दुखू लागते. उजेड सोसवत नाही, चार माणसांच्या बोलण्याचा गलबला सोसवत नाही, वर्तमानपत्राचा एक रकाना वाचला की शीण येतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींचे महिने जातात, क्वचित वर्षे. घरचे म्हणतात, दिसतोस तर धडधाकट! या माणसाचे म्हणणे खरे मानावे की नाही, या एका प्रश्नाभोवतीच या दुखण्याचा सारा इतिहास फिरत आला आहे.

मुष्टियुद्धाच्या आखाड्याभोवती बसणाऱ्या प्रेक्षकांना यातले काही पूर्वीच ठाऊक होते. पाय ओढत चालणाऱ्या, जीभ जड झालेल्या जुन्या मल्लांना ते टोपणनावे ठेवीत आणि हसत. अमेरिकेत नेवार्क शहरी हॅरिसन मार्टलँड नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. घड्याळाच्या तबकड्या रेडियमने रंगविणाऱ्या मुलींच्या दुखण्याचा छडा लावणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी १९२८ साली प्रेक्षकांचे ते हसण्यावारी नेलेले ज्ञान वैद्यकाच्या दप्तरी नोंदविले. ठोसे खाऊन मेंदूच झिजतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९३४ मध्ये स्ट्राउस आणि सॅविट्स्की या दोघा अमेरिकन वैद्यांनी हादऱ्यानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणसमूहाला स्वतंत्र नाव दिले आणि त्याचे मूळ शारीरिक आहे असा पक्ष मांडला. ऑक्सफर्डच्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली मेंदूच्या जागी जिलेटिन घेऊन दाखविले की, सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरल्याने आतील मऊ भागावर अधिक ताण पडतो. कवटी शाबूत असूनही मेंदूला इजा कशी होते, याचा उलगडा येथे होतो. शिरस्त्राण कवटी वाचविते. हा हिसका ते पुरता थोपवू शकत नाही.

एवढे झाल्यावर वाद मिटावयास हवा होता, पण तो पेटला. १९६१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी अपघातग्रस्तांवर व्याख्याने दिली. नुकसानभरपाईचे दावे लावणारे रोगीच त्यांच्यापुढे येत. दुखापत जितकी किरकोळ तितकी तक्रार मोठी, आणि दाव्याचा निकाल लागला की माणूस कामावर हजर, असा त्यांचा अनुभव. मिलर मोठे वक्ते होते आणि त्यांचे म्हणणे विमा कंपन्यांना मानवणारेही होते. साहजिकच ते दूरवर पसरले. पुढल्याच वर्षी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाले त्याच वर्षी, चार्ल्स सिमंड्स या ज्येष्ठ तज्ज्ञांनी नेमकी उलट शंका लिहून ठेवली: हादरा कितीही हलका असो, त्याचा परिणाम समूळ नाहीसा होतो असे खात्रीने म्हणता येईल काय? आमच्या मते खेळाडूचे उदाहरण समोर ठेवले असते तर मिलर यांचा सिद्धांत लंगडा पडला असता. खेळाडूला तक्रारीतून मिळावयाचे काय? संघातील जागा जावयाची, एवढेच. त्याचा कल दुखणे फुगविण्याकडे नसून लपविण्याकडे असतो.

या वादात मोजमाप आणले ते न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांची कसोटी मुलांच्या खेळासारखी दिसते. ध्वनिफितीवर एकेक आकडा ऐकू येतो. ऐकलेला आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवून बेरीज सांगावयाची. तीन, पाच, दोन असे आले की उत्तरे आठ आणि सात. वाचकांनी घरी करून पाहावे. आकडे भरभर आले की शहाण्या माणसाचीही तारांबळ उडते. ज्यांची तपासणी एरवी निर्दोष ठरली होती, अशा हादरा बसलेल्या माणसांना ही बेरीज वेगाने जमेना. शल्यविशारद फिलिप राइटसन यांच्यासह ग्रॉनवॉल यांनी १९७४ साली हे प्रसिद्ध केले, आणि दुसऱ्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखविली: दुसऱ्यांदा हादरा बसलेला माणूस पहिल्यांदा बसलेल्यापेक्षा सावकाश सुधारतो. मुष्टियोद्धे व फुटबॉलपटूंना वार्धक्यात होणारा मेंदूचा ऱ्हास हे वेगळे प्रकरण आहे. दोन्हींची गल्लत करून तरुण रोग्याला घाबरवू नये.

उपचार मात्र फार उशिरा बदलले. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, हा सल्ला पुष्कळ काळ चालला. २०२२ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तो मोडीत काढला. एकदोन दिवस बेताची विश्रांती, मग लक्षणे फार बळावणार नाहीत इतपत चालणे, आणि हळूहळू वाढता व्यायाम, अशी आजची रीत आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरविता येतो. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला, तो यातला पहिला.

ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि पहिल्या डावात त्याने ६२ धावा काढल्या. ती त्याची एकमेव कसोटी ठरली. लहानपणापासून डोक्याला वारंवार मार बसत आलेला हा फलंदाज मार्च २०२४ मध्ये पुन्हा एका उसळत्या चेंडूने जायबंदी झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, निवृत्त झाला. त्या चेंडूच्या मारानंतरच्या महिन्यांत घरातल्या घरात फिरणेही जड जात होते, सारखी झोप येई, आणि डाव्या बाजूला काही हालचाल झाली की अजून भोवळ येते, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याला कोणी खोटा म्हटले नाही.