नेट बंद पडलं? आधी ठिकाण शोधा

आजचा भाग लढाईवर नाही, पण प्रश्न मात्र प्रत्येक लढाईत येणारा आहे. संपर्क तुटला, तर तो नेमका कुठे तुटला हे शोधायचं कसं? मी चेन्नईत राहतो, सेंट थॉमस माउंटच्या जवळ. या शहराला या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

१८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडनमार्गे सुएझशी जोडली गेली. पाठोपाठ १८७१ मध्ये मद्रासहून पेनांग आणि तिथून सिंगापूरपर्यंतचा मार्ग सुरू झाला. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचं वेष्टण आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. ही केबल भर समुद्रात बिघडली तर अख्खी उचलून कोण बघणार?

उत्तर किनाऱ्यावरच्या खोलीत मिळायचं. वेष्टण फाटलं की वीज तिथेच पाण्यात उतरते. मग किनाऱ्यावरून तारेचा विद्युतरोध मोजायचा. एका मैलाला रोध किती, हे आधीच नोंदवलेलं असे. भागाकार केला की बिघाड किती मैलांवर आहे, याचा अंदाज येई. फाटलेल्या जागेचाही थोडा रोध असतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मोजून आकडा पक्का करत. त्यानंतरच दुरुस्तीचं जहाज निघे.

फौजेतही तेच. फील्ड टेलिफोनची लाइन गेली की लाइनमन तारेच्या कडेने चालत जातो, ठरावीक जागी आपला फोन जोडतो आणि मागे एक्स्चेंजशी बोलतो. बोलणं झालं, म्हणजे इथपर्यंत लाइन ठीक, दोष पुढे. नाही झालं, तर दोष मागे राहिला.

आता गंमत बघा. आज जगभर वापरली जाणारी ‘पिंग’ ही आज्ञाही लष्कराच्याच आवारात जन्मली. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणारा सोनार आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. नाव त्या आवाजावरून, कल्पनाही तीच. एक निरोप पाठवायचा, उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. २००२ मध्ये सुरू झालेली चेन्नई–सिंगापूर आय-टू-आय केबल सुमारे ३,२०० किलोमीटर लांब आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे या केबलवरून जाऊन यायला किमान ३२ मिलिसेकंद. डोळ्याची पापणीही तेवढ्यात लवत नाही.

तर घरचं नेट बंद पडलं, की लाइनमनसारखे स्वतःपासून बाहेर निघा. आधी वीज, वायर आणि राउटरचे दिवे बघा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ लिहून पुढे १२७.०.०.१ हा पत्ता द्या. उत्तर आलं, तर तुमच्या संगणकातली नेटची व्यवस्था जागी आहे. दुसरा टप्पा राउटर. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. इथे उत्तर नसेल, तर दोष घरातच, वायफायमध्ये किंवा वायरीत. तिसरा टप्पा ८.८.८.८. राउटर बोलतो पण हा बोलत नाही, तर दोष बहुधा घराबाहेर. हाही बोलतो, पण साइट नाव टाकून उघडत नाही, तेव्हा संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेवर. रस्ता चालू आहे, पत्ता सांगणारा झोपलाय.

हे सगळं कशासाठी? डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाने चेन्नईत पाणी भरलं. आमच्या इमारतीत एकटे राहणारे आजी-आजोबा आहेत, मुलगा परदेशात. वीज परत आली, पण नेट नाही, मोबाइललाही धड रेंज नाही, आणि तिकडे मुलगा काळजीत. त्यांच्या घरी टप्पे तपासले. राउटर बोलत होता, पुढे सगळं बंद, फायबरचा दिवा लाल. मग घरातली एकही वायर उपटली नाही. तक्रार लिहिली ती अशी: घरातलं सगळं ठीक, बाहेरून येणारी फायबर बंद. लाइनमन आला तो जिना न चढता थेट गल्लीतल्या खांबाकडे गेला. फांदी पडून तिथेच तंतू तुटला होता. संध्याकाळी आजींनी मुलाचा चेहरा पाहिला.

‘नेट चालत नाही’ ही कुरकुर झाली, रिपोर्ट नव्हे. रिपोर्टमध्ये ठिकाण असतं. १८७१ च्या केबलवाल्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांचं जहाज उगाच समुद्र घुसळत फिरत नसे. तुमचे आई-वडील गावी एकटे असतील, तर हे टप्पे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवून या. पत्ते इंग्रजी अंकांत लिहा, टाइप तसेच करावे लागतात.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!